रग्बी आणि खाड्याचा डबा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर रग्बीवर अर्ध्या पानाचा लेख आला. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ उतरले, चेन्नई बुल्स जिंकले, हे सगळं त्यात नीट मांडलं होतं. मराठी पेपरात रग्बीला एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली, म्हणून आधी आभार मानतो. पण लेखाच्या शेवटी म्हटलं होतं की या लीगमुळे मुंबईला रग्बी कळली. ते वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या क्लबची पहिली वही १९८६ सालची आहे. ती समोर उघडून ठेवूनच हे पत्र लिहितो आहे.

मी काळाचौकीचा, वय ६३. वडील गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १९८० ते ८२ मी स्वतः बदली कामगार होतो. नव्या वाचकांना बदली म्हणजे काय ते ठाऊक नसेल. सकाळी पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं आत घ्यायचे, नाहीतर आल्या पावली परत. म्हणजे दुसऱ्याचा खाडा ही आमची भाकरी होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि गेटवर उभं राहणंही संपलं. पुढे १९८४ला मला गोदीत टॅली क्लार्कची नोकरी लागली. जहाजातून उतरणाऱ्या गोण्या मोजण्यात सगळी नोकरी गेली. क्लबच्या पोरांनी हिशेब माझ्याकडे सोपवला तो या सवयीमुळेच.

रग्बी मी पहिल्यांदा पाहिली १९८५च्या जुलैत. गोदीतून सुटल्यावर आझाद मैदान ओलांडून धोबीतलावला चाललो होतो, कबड्डीसाठी नीकॅप घ्यायला. बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी पाचपन्नास माणसं छत्र्या घेऊन उभी होती. आत नुसता चिखल, आणि चिखलात तीस माणसं. ज्या मैदानावर १९३३च्या डिसेंबरात भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, तेच हे मैदान. त्या संध्याकाळी त्यावरचा एकही माणूस ओळखू येत नव्हता, दोन्ही संघांचे कपडे एकाच रंगाचे झाले होते.

मी कबड्डी खेळणारा. एका गड्याने धावत्या माणसाच्या मांड्यांना खांदा लावला, दोन्ही पाय कवळ्यात घेतले आणि त्याला आडवा केला. मी मोठ्याने ओरडलो, ‘अरे, ही तर आपली पकड!’ शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. फरक एवढाच होता की इथे धरणारा एकटा होता, आणि गडी पडल्याबरोबर त्याला सोडून द्यावं लागत होतं. चेंडू हाताने पुढे देता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला देता येतो, हे कळायला मला अर्धा तास लागला. ते कळलं आणि मग सगळा खेळच उलगडला. नीकॅप त्या दिवशी राहूनच गेल्या.

वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद आहे: ‘चेंडू १, रु. ९५.’ धोबीतलावच्या एका दुकानदाराने तो माळ्यावरून काढून दिला होता. जालंधरचा माल, धूळ बसलेला, हवा गेलेली. त्याला वाटलं, मी शोभेसाठी नेतोय.

आमच्या कबड्डी मंडळाचे अकरा जण आणि तालमीतले चार, असे पंधरा झाले. शिवडीकडच्या एका मोकळ्या मैदानात आम्ही सुरुवात केली. नियम कोणालाच येत नव्हते. जिमखान्याकडून पूर्वी खेळलेल्या एका पारशी गृहस्थांना मी जाऊन भेटलो. ते तेव्हा पन्नाशीचे असतील. त्यांनी आम्हाला चार पावसाळे शिकवलं, एक पैसा घेतला नाही, उलट येताना घरून पट्ट्या आणि आयोडीन घेऊन यायचे. त्यांची शिकवण एका ओळीची होती: ‘दीकरा, बॉल पाछळ, पग आगळ.’ चेंडू मागे, पाय पुढे. आजही आमच्या क्लबात नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतात. सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्या गृहस्थांना पाहिलेलंही नाही.

आमचा क्लब कसा आहे हे सांगायचं तर स्क्रमपासून सांगावं लागेल. दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, डोक्यात डोकी अडकवून समोरासमोर भिडतात. पुढच्या रांगेत तिघं: दोन बाजूंना प्रॉप आणि मधे हुकर. मी हुकर होतो. दोन्ही प्रॉपच्या खांद्यांवर हात टाकून मी जवळजवळ लोंबकळत असायचो, कारण चेंडू आत आला की तो पायाने ओढून मागे ढकलायला माझा एक पाय मोकळा हवा. आत कसं असतं ते सांगतो. कानाला कान घासतो. समोरच्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो, त्याने काय खाल्लंय तेही कळतं. खाली दोन वीत चिखल दिसतो, बाकी काही नाही. मागून सगळ्यांचं वजन पाठीवर येतं, आणि त्या क्षणी आपण सरळ राहिलो नाही तर बाजूच्याची मान जाईल, हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून कोणी हलत नाही. माझा डावा कान आजही पैलवानासारखा आहे, चुरगळलेला. केस कापताना न्हावी विचारतो, कुठली तालीम?

आमचे प्रॉप गोविंदा पथकातून आले. खालच्या थराला उभं राहणाऱ्या पोरांना वजन घेऊन शांत राहणं कोणी शिकवावं लागत नाही. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो दोन्ही संघांच्या रांगांमधे वरून फेकतात, त्याला लाइनआउट म्हणतात. नव्वदच्या दशकात नियम बदलला आणि लाइनआउटमध्ये उडी मारणाऱ्याला साथीदारांनी वर उचलून धरायला मुभा मिळाली, तेव्हा इतर संघ सराव करत बसले. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी गड्याला उचलून धरलं. मात्र दहीहंडीच्या आधीचा महिना क्लबला पंधरा माणसं जमत नाहीत, हेही खरं आहे. रात्री हंडीचा सराव, सकाळी कामधंदा. चाळीस वर्षं त्या महिन्यात आम्ही सामने धरत नाही. तालुक्याच्या यात्रेला गाव बंद ठेवतात ना, तसंच ते.

लालबागच्या मसाला गल्लीत हमाली करणारा एक प्रॉप आमच्याकडे होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. दिवसभर मिरचीच्या गोण्या उचलायचा. सरावाला आला की आधी नळावर जाऊन अर्धा तास हात, मान, दंड धुवायचा. साबणाने जात नाही म्हणून खोबरेल तेल चोळायचा, मग पुन्हा साबण. आम्ही उशीर होतोय म्हणून ओरडायचो. तो म्हणायचा, ‘थांबा रे, समोरच्याच्या डोळ्यात जाईल.’ स्वतःच्या बाजूच्याची काळजी सगळेच घेतात. समोरच्याची काळजी घेणारा हा माणूस मी बारा वर्षं माझ्या उजव्या हाताला पाहिला.

खाड्याचा डबा सुरू झाला तो त्याच्याचमुळे. १९९१ साली पुण्याला सामना होता. जायचं शनिवारी, परत रविवारी रात्री. शनिवारी हमाली नाही म्हणजे शनिवारची मजुरी नाही. त्याची आई माझ्या खोलीवर आली. दारातूनच म्हणाली, ‘दादा, तुम्ही खेळता ते चांगलंय. पण खेळल्यावर माझ्या घरात तांदूळ येतो का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला महिन्याचा पगार होता, पुण्याला गेलो म्हणून माझा एक पैसा कापला जाणार नव्हता. त्या माऊलीला मी चहा घ्या म्हटलं. तिने घेतला नाही.

त्या रात्री आम्ही ग्लुकोज बिस्किटाचा मोठा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला. ठरलं ते असं: ज्याला महिन्याचा पगार आहे त्याने महिन्याला दहा रुपये टाकायचे. सामन्यामुळे ज्याचा रोज बुडेल त्याने बुडाला तेवढा डब्यातून घ्यायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. डबा मैदानावर बॅगांच्या मागे ठेवलेला असतो, तिकडे कोणी बघत बसत नाही. मी फक्त रात्री उरलेले पैसे मोजतो आणि वहीत लिहितो ‘खाडा १’ किंवा ‘खाडा ३’. नाव लिहीत नाही. आता दहाचे दोनशे रुपये झाले आहेत. इतक्या वर्षांत हिशेब चुकला असं एकदाही झालं नाही. काही वेळा डब्यात असायला हवेत त्याहून जास्त निघाले, म्हणजे कोणीतरी घेतलेले परत टाकले होते.

हे मी आमच्या पारशी गुरुजींना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, रग्बीच्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. खेळासाठी बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे धंदेवाईक होणं, आणि रग्बी हौशी खेळ आहे. आणि मग त्यांनी मला इंग्लंडची गोष्ट सांगितली. पुढे मी ती ठिकठिकाणी वाचून पडताळली.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे गिरणी कामगार आणि खाण कामगार होते. तिकडे शनिवारीही काम असायचं. सामन्याला गेलं की रोज बुडायचा. उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली की बुडालेली मजुरी भरून द्यायला परवानगी द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. दक्षिणेकडचे क्लब शिकल्या-सवरल्या, खात्यापित्या घरच्या माणसांचे होते. त्यांना शनिवारचा खाडा कसा असतो ते ठाऊक नव्हतं. शेवटी ऑगस्ट १८९५मध्ये उत्तरेचे क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. त्यांनी ठरवलेली खाड्याची भरपाई होती दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. एवढ्यावरून एका खेळाचे दोन खेळ झाले, आणि ते आजही दोनच आहेत: रग्बी युनियन आणि रग्बी लीग. आपल्याकडच्या स्पर्धेच्या नावात ‘लीग’ आहे म्हणून वाचकांचा गोंधळ होऊ नये. तिथे खेळली गेली ती युनियनचीच सात जणांची रग्बी.

वेगळ्या झालेल्या क्लबांत एक नाव ओल्डहॅमचं होतं. ते वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. वडिलांच्या रिंग खात्यातल्या यंत्रांवर ओतीव अक्षरांत ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ असं होतं. बदली असताना तीच अक्षरं मी पोत्याच्या तुकड्याने पुसली होती, त्यांच्या खाचांतला कापूस नखाने काढला होता. म्हणजे ज्या गावात आमच्या गिरणीची यंत्रं घडली त्याच गावच्या माणसांनी रग्बीसाठी खाड्याचे पैसे मागितले होते. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी रग्बी कधी पाहिली नव्हती, माझ्या कानावरून ती त्यांना आवडतही नव्हती. ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘म्हणजे तिकडच्या गिरणीतपण खाडा होता तर.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनमधले दहा रुपये माझ्या हातावर ठेवले, डब्यात टाक म्हणून. ते गेले तोवर दर महिन्याला देत होते.

२६ ऑगस्ट १९९५ला रग्बी युनियनने हौशीपणाची अट काढून टाकली. वेगळं झाल्याला बरोबर शंभर वर्षं होत होती. जगात त्यामुळे मोठमोठे करार झाले. आमच्या वहीत त्या महिन्यात ‘खाडा २’ एवढंच आहे.

हिशेबनीस म्हणून अजून एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतात रग्बीचा पहिला सामना कलकत्त्याला १८७२च्या नाताळात झाला. तिथे क्लब निघाला, पण काही वर्षांतच माणसं कमी पडायला लागली आणि तो बंद करायचं ठरलं. बँकेत शिल्लक होती. त्यांनी ती चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये, ते वितळवले आणि त्याचा करंडक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. तोच कलकत्ता कप. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. फार देखणी वस्तू आहे, मी फोटोत पाहिली आहे. पण मी जेव्हा जेव्हा ती पाहतो तेव्हा मला ते बंद केलेलं खातं दिसतं. करंडक राहिला आणि क्लब गेला. आमच्याकडे करंडक दोनच आहेत, तेही उपविजेतेपदाचे, एकाचा कान तुटलेला. क्लब आहे.

पण आता तो टिकवणं जड चाललंय. चाळी पडल्या, टॉवर झाले, पोरं बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली. सकाळी सातच्या सरावासाठी पहाटेची लोकल पकडतात. चेंडूंची जाळी फळीवर टाकली की गाडीतले लोक विचारतात, हे काय? मैदानाचा प्रश्न तर जुनाच आहे. रग्बी पावसाळ्यात खेळायची, आणि पावसाळ्यात मैदान कोणी देत नाही. क्रिकेटची कांगा लीग १९४८पासून भर पावसात खेळली जाते, ती मुंबईची शान आहे असं आपणच म्हणतो. मग पावसातल्या दुसऱ्या खेळाला परवानगी मागायला गेलं की ‘ग्राऊंड खराब होईल’ हे उत्तर का मिळावं? आम्ही पिचवर पाय ठेवत नाही. दोऱ्या बांधतो आणि खेळून झालं की ढेकळं पायाने दाबून बसवतो, तेव्हाच चहाला जातो.

खाड्याचं रूपही बदललंय. आता आमच्यात पाच पोरं मोबाइलवरच्या ऑर्डर पोचवतात. त्यांना रजा नसते, हजेरी नसते. सामन्याचे तीन तास फोन बंद ठेवला की त्या दिवसाचा वरचा पैसा बुडतो, आणि रविवारी तोच जास्त असतो. हा खाडाच आहे, नुसतं त्याचं नाव काढून घेतलंय. पहिल्यांदा त्यातला एक जण डब्याकडे जायला लाजत होता. म्हणाला, ‘अण्णा, मला कुठे कोणी कामावर ठेवलंय? माझा खाडा धरणार कसा?’ मी त्याला म्हटलं, तू आज किती कमावलं असतंस? तो आकडा सांग. तोच खाडा.

मुली २०१२पासून खेळतात. एका खेळाडूची बहीण रोज चेंडू आणून द्यायला यायची. एक दिवस तिने चेंडू दिलाच नाही, घेऊन धावत सुटली आणि तिला तिघांना पकडता आलं नाही. आता चौदा जणी आहेत. मैदानावर कपडे बदलायला जागा नाही. जवळच्या चाळीतल्या एक आजी आपली खोली उघडून देतात, आणि सामना हरला तरी गूळ-शेंगदाणे देतात. २०१९च्या जूनमध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ने हरवलं, पंधरा जणांच्या रग्बीतला आपल्या मुलींचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आमच्या मुलींना तो फोनवर कळला. आजींच्या खोलीत त्या एवढ्या ओरडल्या की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. दुसऱ्या दिवशी मी तीन पेपर विकत घेतले. एकाही पेपरात मला ती बातमी दिसली नाही.

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. लीगला अर्धं पान द्या, त्यात मला आनंदच आहे. परदेशी खेळाडूंना बघून आमची पोरं किती शिकली हे मी पाहिलंय. अंधेरीला वरच्या स्टँडमधून एक जण हुकरचे पाय वहीत काढून घेत होता. पण आठवड्यातून एकदा क्लबांच्या सामन्यांच्या निकालाला दोन ओळी द्या. माझ्या लहानपणी पेपरात कबड्डीचे निकाल असे यायचे, बारीक टाइपात, मंडळाचं नाव आणि गुण. वडील मिसरी लावत ती ओळ शोधायचे आणि आमच्या मंडळाचं नाव असलं की कात्रण कापून देव्हाऱ्याखाली ठेवायचे. मसाला गल्लीतल्या त्या प्रॉपच्या आईला मी बारा वर्षांत असं एकही कात्रण नेऊन देऊ शकलो नाही. डब्यातून मजुरी गेली, पण पोरगा काय करून आला हे तिला दाखवता आलं नाही. त्या आता नाहीत. त्यांचा नातू मात्र आमच्याकडे खेळतो, तोही प्रॉपच, आणि त्याची आई पेपर वाचते.

निकाल मी स्वतः लिहून पाठवीन. खाडाखोड नसेल. सुरुवात म्हणून गेल्या रविवारचा देतो. आम्ही १२-१७ने हरलो. आमचे ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) दोन, पहिला आठव्या मिनिटाला, दुसरा शेवटच्या पाच मिनिटांत. पहिल्यावरचं कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक, झालं, दुसऱ्यावरचं खांबाला लागून बाहेर गेलं. दुसरा ट्राय त्या नातवाचा. पाऊस संपूर्ण वेळ. जखमी कोणी नाही. खाडे ४.

आपला,
क्लबचा हिशेबनीस, निवृत्त टॅली क्लार्क
काळाचौकी, मुंबई